आईच्या खोलीसाठी छोटा एचडी टीव्ही : २४ इंची की ३२ इंची?

निळी_शाई :

नमस्कार. आईच्या खोलीत लावायला छोटा टीव्ही घ्यायचा आहे. जितकं वाचतेय तितका गोंधळ वाढतोय, म्हणून सगळी परिस्थितीच लिहिते. थोडं लांबेल.

आईचं खुब्याचं ऑपरेशन झालंय. पुढचे काही महिने तिचा बराचसा दिवस पलंगावरच जाणार, बाहेरच्या खोलीत येऊन तासभर बसणं तिला झेपत नाही. तिच्या खोलीत पूर्वीपासून २१ इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही होता, तो आता कायमचा मिटला. तिला मालिका, संध्याकाळच्या बातम्या आणि जुने कृष्णधवल चित्रपट लागतात. चित्रपट तर पाठ आहेत, तरी बघते. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा काढायचाय. ऐकू कमी येतं. कानाचं यंत्र आहे, पण घरात ती ते काढून ठेवते.

पलंगासमोरच्या भिंतीवर कपाट आणि दार यांच्यामध्ये अडीच फूट मोकळी जागा आहे, टीव्ही तिथेच बसणार. खाली टेबल ठेवता येणार नाही, वॉकर घेऊन तिला तिथूनच दाराकडे जायचं असतं. खिडकी तिच्या डोक्यामागच्या भिंतीत आहे. सेट-टॉप बॉक्स जुनाच आहे, पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीने जोडलेला.

भाऊ म्हणतो ४३ इंची घे, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. दुकानात सांगतात ३२ मध्ये एचडी रेडी पुरे. मुलगा म्हणतो फुल एचडीच हवा, कारण तो आजीच्या खोलीत बसून लॅपटॉप लावणार. मला स्वतःला २४ इंची बरा वाटतोय, खोली लहान आहे म्हणून. काय बघून ठरवायचं?

चौकट :

३२ इंची फुल एचडी घ्या. २४ वाले बहुतेक कॉम्प्युटरच्या मॉनिटरसारखे असतात, खोलीसाठी नाहीत. ४३ अडीच फुटांत बसणारच नाही, त्याची रुंदीच ९५ सेंमीच्या वर जाते.

पाऊलवाट :

२४ ला सरसकट नाही म्हणू नका. माझ्या अभ्यासाच्या टेबलावर २४ इंची आहे, चार फुटांवरून उत्तम दिसतो. तेवढ्या अंतरावर ३२ मला मोठा होतो, मान इकडून तिकडे फिरते. पलंगावरून अंतर किती आहे ते कळलं तर सांगता येईल.

दुरुस्ती_टेबल :

ताई, पाऊलवाट यांनी मुद्द्याला हात घातलाय. इंच आणि एचडी जरा बाजूला ठेवा आणि मोजायची टेप घ्या. टेपचं एक टोक आईंच्या डोळ्यापाशी धरायचं. पलंगाच्या कडेपासून मोजलेलं अंतर उपयोगाचं नाही, कारण पलंग टीव्ही बघत नाही. त्या उशीला टेकून रोज जशा बसतात तशाच बसू देत. तिथून भिंतीपर्यंतचं अंतर, आणि जमिनीपासून त्यांच्या डोळ्याची उंची, हे दोन आकडे इथे लिहा. मी टीव्ही दुरुस्तीच्या कामात आयुष्य काढलंय. ‘चित्र नीट दिसत नाही’ म्हणून आणलेल्या कितीतरी टीव्हींमध्ये दुरुस्त करण्यासारखं काहीच नसतं. तो चुकीच्या उंचीवर लावलेला असतो, नाहीतर चुकीच्या वायरीवर.

तुमचे आकडे येईपर्यंत माझ्याकडचे लिहितो.

आधी २४ चा प्रश्न. जुन्या ट्यूबचा पडदा ४:३ या प्रमाणात असायचा, आताचा १६:९. इंच मोजतात ते तिरके, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. त्यामुळे २१ इंची जुन्या पडद्याची उंची साधारण साडेबारा इंच भरते आणि नव्या २४ इंचीची पावणेबारा. आईंचे कृष्णधवल चित्रपट ४:३ मधलेच असणार. ते नव्या पडद्यावर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या घेऊन उंचीभर दिसतात. म्हणजे २४ आणलात तर त्यांच्या आवडीच्या चित्रपटातला चेहरा पूर्वीपेक्षा लहान होईल, आणि तोही मोतीबिंदू असलेल्या डोळ्याला. ३२ इंचीची उंची पावणेसोळा इंच. त्यावर ४:३ चं चित्र जवळजवळ २६ इंची जुन्या टीव्हीएवढं दिसतं. या घरासाठी ३२ च्या खाली जाऊ नका.

आता एचडी रेडी आणि फुल एचडी. एचडी रेडी हा शिक्का युरोपात २००५ साली आला आणि त्यात पडद्याच्या ओळींची अट होती किमान ७२० ची. आज ३२ इंचीत एचडी रेडी म्हणून मिळतो तो पडदा बहुतेक वेळा १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा असतो, म्हणजे साडेदहा लाख ठिपके. फुल एचडी १९२० बाय १०८०, म्हणजे पावणेएकवीस लाख. आकड्यात दुप्पट, पण डोळ्याला दुप्पट दिसतं का? निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा वेगळा ओळखतो. ३२ इंची पडदा जवळपास ७१ सेंमी रुंद. एचडी रेडीमध्ये एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरहून किंचित मोठा येतो आणि साधारण सहा फुटांपलीकडे तो वेगळा ओळखू येत नाही. फुल एचडीचा ठिपका ०.३७ मिमी, तो सव्वाचार फुटांपलीकडेच विरघळतो. म्हणजे डोळा सहा फुटांहून लांब असेल तर आईंना दोन्हींत फरक दिसणार नाही. बातम्यांच्या पट्टीवरची अक्षरं वाचता येणं हे अक्षर किती मोठं आहे त्यावर, म्हणजे पडद्याच्या आकारावर आहे. ठिपक्यांच्या संख्येवर फारसं नाही.

मुलाचं म्हणणं मात्र त्याच्यापुरतं बरोबर आहे. लॅपटॉप जोडून तीन फुटांवर बसलं की एचडी रेडीवर अक्षरांच्या कडा दातेरी दिसतात. शिवाय ७६८ ओळींचं प्रक्षेपण कुठेच होत नाही. एचडी वाहिनी ७२० ची असो की १०८० ची, या पडद्याला चित्र ताणावं किंवा आवळावं लागतंच. फुल एचडीवर १०८० चं चित्र ठिपक्याला ठिपका बसतं. तेव्हा लॅपटॉप खरोखर लागणार असेल तर फुल एचडी घ्या, नसेल तर एचडी रेडीने आईंचं काही अडत नाही.

आता या धाग्यावर अजून कुणी न काढलेली गोष्ट, आणि माझ्या मते छोट्या टीव्हीत सगळ्यांत महत्त्वाची : कोन. एलसीडी पडदे मुख्यतः आयपीएस आणि व्हीए अशा दोन जातींचे. व्हीएमध्ये काळा रंग जास्त गडद येतो. समोरून बघितलं तर आयपीएसचा काळ्या-पांढऱ्यातला फरक हजाराला एकच्या आसपास, व्हीएचा तीन हजार किंवा अधिक. पण व्हीए बाजूने किंवा खालून पाहिला की फिका पडतो. आयपीएस कोनातून पाहिला तरी रंग टिकवतो. टीएन नावाची तिसरी जात काही स्वस्त छोट्या पडद्यांत अजून दिसते. तो खालून बघितला की चेहरे काळवंडतात, नाहीतर काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं असे उलट्या रंगांत दिसतात. पलंगावर आडवं पडून वर टांगलेल्या टीव्हीकडे बघणाऱ्याला टीएन घेऊन देऊ नये, मग तो कितीही एचडी असो.

खोक्यावर जात लिहिलेली नसते आणि एकाच मॉडेलमध्ये दोन जातींचे पडदे निघू शकतात. म्हणून दुकानात जाऊन गुडघ्यात वाका. खरंच वाका, लाज वाटू देऊ नका. डोळे पडद्याच्या खालच्या कडेच्याही खाली न्या आणि एखादं अंधारं दृश्य लावायला सांगा. मग दोन्ही बाजूंनी बघा. त्वचेचा रंग बदलला की पुढचा टीव्ही बघायचा.

कानोसा :

दुरुस्ती_टेबल यांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा. मी आवाजाबद्दल लिहितो, कारण आमच्या घरी नेमकी हीच परिस्थिती आहे. वडिलांना कमी ऐकू येतं आणि यंत्र लावायचा कंटाळा.

छोट्या टीव्हीचे स्पीकर खालच्या दिशेने किंवा मागे तोंड करून असतात. भिंतीवर लावला की आवाज भिंतीवर आपटून घोळतो आणि संवादातली व्यंजनंच हरवतात. आवाज वाढवला की पार्श्वसंगीत वाढतं, शब्द तसेच. वय झालेल्या कानांना बहुधा वरच्या पट्टीतलेच आवाज कमी येतात आणि ‘स’, ‘श’, ‘त’ तिथेच असतात. टीव्हीत ‘स्पष्ट आवाज’ किंवा बातम्यांसाठी म्हणून ध्वनीचा वेगळा पर्याय असेल तर तो लावा, बास कमी करा, आणि आवाजाची पातळी आपोआप सारखी ठेवणारी सोय चालू करा. जाहिरात लागली की दचकायला होत नाही.

पण खरा फरक पडतो तो आवाजाचा उगम कानाजवळ आणला की. उशीजवळ ठेवलेला एक लहानसा स्पीकर, वायरने जोडलेला. आमच्याकडे त्यानंतर टीव्हीचा आवाज बाहेरच्या खोलीत ऐकू येणं बंद झालं आणि वडिलांना प्रत्येक वाक्य कळायला लागलं. घेण्याआधी बघा, टीव्हीला हेडफोनचं भोक आहे का. नव्या छोट्या टीव्हींत ते नेहमी असतंच असं नाही. काही टीव्हींत तिथे पिन घातली की टीव्हीचे स्वतःचे स्पीकर बंद होतात, काहींत दोन्ही चालू ठेवायची सोय असते. दुकानात पिन घालूनच बघा. ब्लूटूथ स्पीकर चालतो, पण कित्येकदा आवाज ओठांच्या मागे राहतो. ओठांकडे बघून शब्द जुळवणाऱ्या माणसाला त्याचा फार त्रास होतो. टीव्हीत आवाज आणि चित्र जुळवायची सेटिंग असते, तिने थोडं सुधारतं.

आणि ताई, आई यंत्र लावायला तयार झाल्या तर यंत्राच्या कंपनीकडे विचारा. टीव्हीला जोडून आवाज थेट यंत्रात पाठवणारी लहान डबी बऱ्याच कंपन्या देतात. यंत्राच्या वरून मोठे हेडफोन लावू नका, शिट्टी वाजते.

निळी_शाई :

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! टेप घेऊन मोजलं. आई उशीला टेकून बसली की डोळ्यापासून भिंत बरोबर सात फूट. जमिनीपासून डोळा सव्वातीन फूट. मोकळी भिंत ७६ सेंमी.

दुकानातही जाऊन आले. वाकून बघितलं. तीन टीव्ही शेजारी शेजारी लावले होते आणि समोरून मला तिन्ही सारखेच वाटत होते. खाली बसल्यावर एकातला चेहरा राखेसारखा झाला, दुसरा फिका, तिसरा जवळजवळ तसाच. एवढा फरक असेल असं वाटलं नव्हतं. तिसरा फुल एचडी आहे, स्मार्ट आहे, हेडफोनचं भोक आहे. रुंदी ७२ सेंमी.

प्रश्न : किती उंचीवर लावू? सुतार म्हणतो दाराच्या चौकटीच्या वरच्या कडेला समांतर चांगला दिसेल. आणि स्मार्ट घ्यावा की साधा? आईला स्मार्ट नको आहे, मुलाला हवा आहे.

दुरुस्ती_टेबल :

सुतारदादांना सांगा, भिंत नाही सजवायची, मान वाचवायची आहे. टीव्हीचा मध्य जमिनीपासून साडेचार फुटांवर घ्या. डोळ्याच्या वर सव्वा फूट आणि अंतर सात फूट, म्हणजे वर बघण्याचा कोन दहा अंशांच्या आसपास. टेकून बसलेल्या माणसाला तेवढा आरामाचा असतो. खालची कड पावणेचार फुटांच्या वर राहील, वॉकरला अडणार नाही. दाराच्या चौकटीच्या कडेला लावलात तर तोच कोन दुपटीपेक्षा जास्त होतो आणि महिन्याभरात आईंची मान दुखायला लागते.

टीव्ही भिंतीला अडकवायची पट्टी पुढे झुकणारी घ्या आणि टीव्ही तेवढाच दहा अंश खाली झुकवा, म्हणजे पडदा थेट डोळ्यांत बघेल. याचा दुसरा फायदा तुमच्या खिडकीसाठी. खिडकी डोक्यामागे असली की तिचं प्रतिबिंब पडद्यात दिसतं आणि दुपारी अंधारी दृश्यं पार धुऊन जातात. पडदा झुकवला की प्रतिबिंबात खिडकीऐवजी खालचा भाग, म्हणजे पलंग येतो. भोकं पाडायच्या आधी एक चाचणी करा. टीव्हीच्या जागी कुणालातरी आरसा धरून उभं करा आणि तुम्ही उशीला टेकून बघा. आरशात खिडकी दिसली तर टीव्हीतही दिसणार. ती जाईपर्यंत आरसा झुकवा आणि तोच कोन पट्टीला द्या.

७६ मध्ये ७२ बसतो, पण कपाटाचं दार उघडून बघा. पट्टीसकट टीव्ही भिंतीपासून चारपाच इंच पुढे येतो, कपाटाचं दार त्या बाजूला उघडत असेल तर आपटेल. आणि एचडीएमआयची, म्हणजे एचडी चित्र आणि आवाज एकाच वायरीतून घेणारी भोकं मागच्या बाजूला आहेत की कडेला ते बघून ठेवा. सरळ मागे असतील तर वायर भिंतीवर दबते आणि भोक सैल होतं. आडव्या तोंडाची पिन मिळते.

वायरीवरून आठवलं, आणि हे विसरू नका. पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीतून एचडी चित्र जातच नाही. पिवळ्या वायरीत फक्त साध्या दर्जाचं चित्र असतं, ५७६ किंवा ४८० ओळींचं, तेही सगळे रंग एकाच तारेत कालवून. नवा एचडी टीव्ही आणून जुनी वायर लावली की मंडळी म्हणतात जुनाच बरा होता, आणि ते खरंही असतं, कारण तेच चित्र आता मोठ्या पडद्यावर ताणलेलं असतं. जुन्या बॉक्सला एचडीएमआयचं भोक नसेल तर बॉक्स बदलून घ्या. असेल तर वायर बदला आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र १०८० वर करा, काही बॉक्स ते स्वतःहून करत नाहीत.

स्मार्टबद्दल : आईंना तो स्मार्ट आहे हे कळूच द्यायचं नाही. सेटिंगमध्ये ‘चालू झाल्यावर कुठे जायचं’ असा पर्याय बहुतेकांत असतो, तिथे सेट-टॉप बॉक्सचं एचडीएमआय निवडा. मग बटण दाबलं की थेट वाहिनी. एचडीएमआयवरून एका रिमोटने दुसरं यंत्र चालू-बंद करायची सोय असते, तिला प्रत्येक कंपनीने आपलं वेगळं नाव ठेवलंय, मूळ नाव सीईसी. ती चालू करा. आईंच्या हातात एकच रिमोट राहू द्या, सेट-टॉप बॉक्सचा, कारण त्यावर आकड्यांची बटणं असतात. स्मार्ट टीव्हीच्या नव्या रिमोटवर ती बहुधा नसतात आणि वाहिनीचा आकडा पाठ असलेल्या माणसाचे हात त्यावर अडतात. बॉक्सच्या रिमोटवर टीव्हीचा आवाज आणि पॉवर शिकवून ठेवायची दोनचार बटणं असतात, तीही शिकवून द्या.

चौकट :

स्मार्टबाबत थोडं वेगळं मत. छोट्या टीव्हींत आतला मेंदू दुबळा असतो. ३२ इंचीत एक जीबी मेमरी अजून सर्रास दिसते आणि काही वर्षांत अ‍ॅप अडखळायला लागतात, मग त्यांची नवी आवृत्तीच येत नाही. पडदा मात्र ठणठणीत असतो. त्यामुळे पडदा चांगला बघून घ्यावा आणि अ‍ॅपसाठी वेगळी स्टिक एचडीएमआयला लावावी. बिघडली तर तेवढीच बदलता येते. स्मार्टच घेणार असाल तर दुकानात विचारा, वाइडवाइनचा, म्हणजे चित्रपटांची चोरी रोखणाऱ्या टीव्हीतल्या कुलपाचा, दर्जा एल१ आहे का. एल३ असेल तर पडदा फुल एचडी असूनही काही सेवा चित्र साध्या दर्जातच देतात.

दुरुस्ती_टेबल :

चौकट यांच्याशी सहमत. फक्त स्टिकला वीज तिच्याच अ‍ॅडॅप्टरवरून द्या. टीव्हीच्या यूएसबी भोकातून पुष्कळदा अर्धा अँपिअरच मिळतो, तेवढ्यावर ती मधेच बंद होऊन पुन्हा सुरू होत राहते आणि दोष टीव्हीला लागतो.

निळी_शाई :

तोच तिसरा टीव्ही घेतला. आरशाची चाचणी केली, खिडकी खरंच दिसत होती, आणि आरसा झुकवला तशी गेली. सुतारदादांनाही पटलं. बॉक्सला एचडीएमआय होतं, वायर बदलली. आई पहिल्या दिवशी बातम्यांची पट्टी मोठ्याने वाचून दाखवत होती.

दोन तक्रारी आहेत. तिच्या जुन्या चित्रपटांत सगळी माणसं जाडी आणि बुटकी दिसतायत. आणि बातम्यांची सगळ्यांत खालची पट्टी अर्धी कापली जाते. मुलगा म्हणतो लॅपटॉपच्याही कडा कापल्या जातात.

दुरुस्ती_टेबल :

दोन्ही सेटिंगच्या गोष्टी आहेत, टीव्ही चांगला आहे.

जाडी माणसं : ४:३ चं चित्र १६:९ मध्ये ताणलं जातंय. हे ताणण्याचं काम टीव्ही करू शकतो तसा बॉक्सही करतो, म्हणून दोन्हींकडे बघा. टीव्हीत चित्राचा आकार ‘ऑटो’ किंवा ‘मूळ’ ठेवा, बॉक्समध्ये पडदा १६:९ सांगा आणि ४:३ चित्राला बाजूच्या पट्ट्या देणारा पर्याय निवडा. वाहिनीनेच ताणून पाठवलं असेल तर त्या वेळेपुरतं टीव्हीत ४:३ करा, माणसं सडपातळ होतील. पट्ट्या बघून कुणी म्हणेल की पडदा वाया जातोय, त्यांचं ऐकू नका. ज्यांनी तो चित्रपट टिपला त्यांनी चौकट तेवढीच ठेवली होती.

कापलेल्या कडा : ट्यूबच्या काळात चित्राच्या कडा वेड्यावाकड्या यायच्या, म्हणून टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा चौकटीआड लपवायचे. एलसीडीला त्याची काही गरज नाही, तरी सवय चालत आली. आकाराच्या यादीत ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’, ‘पूर्ण पिक्सेल’ असं काहीतरी सापडेल, ते निवडा. लॅपटॉपच्या एचडीएमआयलाही वेगळं करावं लागेल, प्रत्येक भोकाची सेटिंग निराळी असते. त्या भोकाला ‘पीसी’ असं नाव देता आलं तर द्या, बऱ्याच टीव्हींत त्याने अक्षरांच्या रंगीत कडाही जातात.

हात लागलाच आहे तर एवढं करा. चित्राचा प्रकार दुकानात झगमगीत ठेवलेला असतो, तो ‘स्टँडर्ड’ किंवा ‘मूव्ही’ करा. शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणा. ती खोटी पांढरी कड काढते आणि कृष्णधवल चित्रपटातले दाणे मुरमासारखे उठवते. ‘बॅकलाइट’ आणि ‘ब्राइटनेस’ दोन वेगळ्या असतील तर दिवसा-रात्रीचा बदल बॅकलाइटने करा, कारण बऱ्याच टीव्हींत ब्राइटनेस म्हणजे काळा किती काळा हे ठरवणारी खुंटी असते. रात्री बॅकलाइट निम्म्यावर आणलात तर आईंच्या डोळ्यांना बरं आणि आतल्या दिव्यांच्या पट्ट्याही जास्त टिकतात. आवाज आहे पण चित्र नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्या टीव्हींत बहुतेकदा त्याच पट्ट्या गेलेल्या असतात.

निळी_शाई :

पट्टी पूर्ण दिसतेय आणि माणसंही सडपातळ झाली! कानोसा, उशीजवळचा स्पीकरही लावला, वायर भिंतीच्या कडेने नेऊन चिकटवली, म्हणजे वॉकरमध्ये अडकणार नाही. आईने आवाज स्वतःहून कमी केला.

शेवटचा प्रश्न. आईकडे मदतीला येणाऱ्या मावशी रोज ओल्या फडक्याने पडदा पुसतात. चालेल ना?

दुरुस्ती_टेबल :

नाही, आजच थांबवा. पाण्याचा थेंब पडद्यावरून ओघळून खालच्या चौकटीत उतरतो आणि तिथे पडद्याला जोडलेल्या नाजूक पट्ट्या असतात. त्या ओल्या झाल्या की उभ्या रेषा येतात आणि मग पडदाच बदलावा लागतो, जे बहुधा परवडत नाही. टीव्ही बंद करून, थंड झाल्यावर, चष्मा पुसायचं मऊ कोरडं फडकं हलक्या हाताने फिरवायचं, आठवड्यातून एकदा पुरे. डाग असेल तर फडक्याचा कोपरा नुसता दमट करा आणि लगेच कोरडं पुसा. पडद्यावर थेट काहीच फवारू नका, काच पुसायचं द्रव्य तर नकोच. आणि पुसताना मावशींनी दुसऱ्या हाताने टीव्ही वरच्या कडेला धरावा, नाहीतर झुकवलेली पट्टी हळूहळू सैल होते.